गरोदर-बाळंतिणींचा आहार: गावाकडे ४०,००० रुपये आहेत, कशावर घालावेत?

पूर्णाकाठ

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीपर्यंत त्याची कुणाला आठवण नसते आणि मार्चमध्ये घाईघाईने शिलाई मशीन, सतरंज्या नाहीतर अंगणवाडीला खुर्च्या येतात. हा पैसा गरोदर आणि स्तनदा बायांच्या आहाराकडे वळवायचा म्हटलं तर नेमका कशावर घालावा?

हिशेबासाठी एक गाव धरू. वस्ती २,४००. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ३६ बाळंतपणं. नाव नोंदणी तिसरा महिना सरता होते असं मानलं तर कुठल्याही दिवशी यादीत साधारण १८ गरोदर आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ असलेल्या १८. स्वउत्पन्न ४ लाख, म्हणून आपल्या हातात ४०,०००. बाळंतपणामागे १,१११ रुपये पडतात. रोख द्यावी, अंडी द्यावीत, गोळ्या घ्याव्यात की आणखी काही? आणि "सरकार देतंच की" म्हणणाऱ्यांनी कोण किती देतं तेही लिहावं, म्हणजे दुबार खर्च होणार नाही.

टवाळ_पाटील

लोखंडी खुर्च्या घेतल्या की लोह आपोआप मिळतं, असा समज असावा.

हिशेबनीस

सरकारचं आधी मांडतो.

केंद्राची मातृवंदना योजना: पहिल्या बाळंतपणाला ५,०००. नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी, तेही जन्मानंतर. दुसरं अपत्य मुलगा असेल तर शून्य. जननी सुरक्षा योजना: आपल्या महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७००, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण मोफत, हे २०११ पासून आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत बुडीत मजुरीचे ४,००० आहेत, अर्धे नवव्या महिन्यात आणि अर्धे बाळंतपणानंतर. आपल्या मराठवाड्यातले बरेच तालुके त्यात येतात.

आणि रोजचं म्हणाल तर अंगणवाडीचा पूरक आहार. गरोदर-स्तनदा बाईमागे दिवसाला ९.५० रुपये, वर्षाला ३०० दिवस, केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. दर २०१७ चा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात तो वाढवू असं म्हटलंय. पूर्णाकाठ यांच्या गावाला हा आहार ३६ × ९.५० × ३०० = १,०२,६०० रुपयांचा येतो. तेव्हा ४०,००० काही चिल्लर नाहीत, त्याच्या शेकडा ३९ होतात.

भाकरतुकडा

९.५० मध्ये काय बसतं तेही बघा. निकष आहे ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. आपल्या शिध्यात तो बसवायचा तर ८० ग्रॅम ज्वारी, २५ ग्रॅम तूरडाळ, २५ ग्रॅम शेंगदाणे, २० ग्रॅम गूळ. उष्मांक ५८० च्या आसपास भरतात, प्रथिनं २० ग्रॅम. ज्वारी ४० रुपये किलो, डाळ १२०, शेंगदाणे १३० आणि गूळ ५० धरला तर ३.२० + ३.०० + ३.२५ + १.०० = १०.४५. यात तेल-मीठ नाही, भाजणं-दळणं नाही, पाकीट नाही, गाडीभाडं नाही. भाव ज्याने त्याने आपल्या आठवडी बाजाराचे घालावेत, पण ९.५० च्या आत यायचं म्हटलं की डाळ-शेंगदाणे घटणार आणि पीठ-साखर वाढणार. उष्मांक कागदावर पूर्ण होतात, प्रथिनं मागे राहतात. एकटं अंडं ७ रुपयांना धरलं तरी दिवसाच्या दराचा तीन चतुर्थांश त्यातच गेला.

दुसरी गोष्ट. गरोदरपणात बाईला रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात आणि पाजती असताना पहिले सहा महिने ६००. म्हणजे बाळंतपणानंतरची गरज मोठी. गावाचा पैसा मात्र बहुधा डोहाळजेवणाच्या फोटोपाशी संपतो.

बिदर_नाका

शेजारी काय करतात ते पाहा. उदगीर ओलांडलं की कर्नाटक. तिथे २०१७ पासून मातृपूर्णा आहे: महिन्याला २५ दिवस अंगणवाडीत बसून दुपारचं पूर्ण जेवण. देगलूरच्या पलीकडे तेलंगणात २०१५ पासून आरोग्यलक्ष्मी: जेवण, वर २०० मिली दूध आणि एक अंडं. आपल्याकडे असं गरम जेवण फक्त आदिवासी क्षेत्रात, अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत, तेही शेवटची तिमाही आणि बाळंतपणानंतर सहा महिने. मराठवाड्यात तो पट्टा म्हणजे नांदेडचा किनवट-माहूर. बाकी सगळ्यांना घरपोच पाकीट. पाकीट घरात गेलं की ते सासऱ्यापासून शेळीपर्यंत सगळ्यांचं होतं. जेवण केंद्रात दिलं तर ते तिच्याच पोटात जातं. माझं मत: ४०,००० मध्ये केंद्रावर जेवण सुरू करा.

आजीचा_बटवा

बिदर_नाका, तुमच्या पानात एक भोक आहे. बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. वस्ती-तांड्यावरची असेल तर अंगणवाडी एक-दोन किलोमीटर लांब, आणि मजुरीला गेलेली बाई दुपारी एक वाजता शेतात असते. मातृपूर्णेतही हीच अडचण आली: सुरुवातीला ज्या बायांना चालत यायचं होतं त्या आल्याच नाहीत. गरोदरपणात केंद्रावर जेवण ठीक. बाळंतपणानंतर डबाच पोचवायला हवा.

आणि पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, हे कुणी धरलंच नाही. नाव सासरच्या अंगणवाडीत, पोट माहेरी. मातृवंदनाचे ५,००० पहिल्या बाळंतपणाला, आणि गाव बदलते तीही तीच. दुसरा हप्ता अडतो तो बहुतेक इथे: लसी माहेरच्या उपकेंद्रात टोचल्या, जन्मनोंद तिसऱ्याच ठिकाणी जिथे दवाखाना आहे तिथे, आणि अर्ज सासरच्या अंगणवाडी ताईकडे. माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना बरोबर नेलं आणि प्रत्येक लसीची तारीख त्यावर शिक्क्यासह लिहून घेतली तर हे सुटतं.

ऊसफड

माहेर सोडा, दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर. बीड, धाराशिव, जालना, परभणी, कुठलाही जिल्हा घ्या. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिल. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि बाई एक दिवस बसली की खाडा, म्हणजे दंड. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलणं चालू राहतं ते या खाड्यापायी. तिला ५,००० रुपये "आहारासाठी" आले तरी ते उचलीतच वळते होणार.

म्हणून अशा गावांसाठी पैशाचा महिना मार्च नाही, सप्टेंबर आहे. टोळी निघायच्या आधी काय काय हातात पडायला हवं: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या किमान चार महिन्यांच्या, कारण कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, उपकेंद्राची ताई पोचेलच असं नाही. महिन्याची पाकिटं आगाऊ. भाजलेले फुटाणे आणि गूळ, वेगवेगळे. शेंगा फोडलेल्या देऊ नयेत, टरफलासकट द्याव्यात, जास्त टिकतात. लाडू करून देऊ नका, कोपीतल्या ओलीत तीन आठवड्यांत खवट होतात. आणि वहीत कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची सोय आहे, पण इकडच्या ताईने ती नोंद केल्याशिवाय तिकडच्या ताईला बाई दिसत नाही.

टवाळ_पाटील

मुकादमाचा नंबर लागला तर त्याचीच नोंद आधी करा, उष्मांक त्याच्याकडे जमा आहेत.

बँकमित्र_परभणी

रोखीचं चालू आहे म्हणून लिहितो. "आधार लिंक आहे" आणि "आधार सीडिंग आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्म्या तक्रारी तिथेच अडकतात. खात्याला ओळखपत्र म्हणून आधार जोडलं म्हणजे लिंक. पण थेट लाभाचा पैसा जातो तो राष्ट्रीय देयके महामंडळाच्या (एनपीसीआय) जोडयादीत त्या आधारापुढे जे खातं शेवटचं लागलंय त्यात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं असेल तर पैसा तिकडे जातो आणि बाई जनधनच्या पासबुकावर शिक्का मारून घेत बसते. "हप्ता आला नाही" म्हणजे बरेचदा "हप्ता कुठे आला ते कळलं नाही".

करायचं काय: अर्ज भरायच्या आधी सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते तपासा, शाखेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. नको असलेली बँक असेल तर हव्या त्या शाखेत संमतीचा अर्ज द्या, दोन-चार दिवसांत बदलतं. जनधन खातं व्यवहार नसल्यामुळे झोपलेलं असेल तर आधी केवायसी करून जागं करा. नाव माहेरचं आहे म्हणून अडवत असतील तर लग्नानंतरचं नाव सक्तीचं नाही, आधारवर जे आहे तेच अर्जात आणि खात्यात असावं एवढंच. नवऱ्याचं आधारही नव्या नियमांत लागत नाही. पात्रतेला ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, किसान सन्मान यातलं एखादं पुरतं. आणि दुसऱ्या मुलीचा अर्ज जन्मापासून २७० दिवसांत.

पाथरीची_पोर

पाकिटाचं पण तसंच झालंय आता. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार घ्यायला चेहरा ओळख सक्तीची. आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा, नवरा फडावर, ओटीपी त्याच्याकडे. ताई कितींदा फोटो काढणार? नोंदणी करतानाच केवायसी पूर्ण करून घ्या, आधारला बाईचाच नंबर लावा. पुढचे महिने नुसत्या फोटोवर भागतं.

दुष्काळ७२

या धाग्यात सगळे ९.५० वर अडकलेत, म्हणून थोडं लांबून. भारत जागतिक बँकेच्या वर्गवारीत कमी उत्पन्नाचा देश नाही, निम्न-मध्यम आहे. खऱ्या कमी उत्पन्नाच्या देशांत प्रश्न आणखी बिकट, कारण तिथे पोषणाचा पैसा मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. जागतिक बँकेच्या २०२४ च्या आराखड्याप्रमाणे माता-बाल पोषणाचे मुख्य उपाय जगभर पोचवायला दहा वर्षं दरवर्षी १३ अब्ज डॉलर जादा लागतील, आणि घातलेल्या एका डॉलरमागे २३ डॉलरचा फायदा. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या पोषण परिषदेत २७ अब्जांहून जास्त डॉलरची वचनं झाली. त्याच वर्षी अमेरिकेची परदेशी मदत संस्था यूएसएड गुंडाळली गेली, १ जुलैला कारभार संपला. वचनं एकीकडे, बंद झालेली गोदामं दुसरीकडे.

यातलं आपल्या कामाचं म्हणजे इथिओपिया. २००५ पासून तिथे रोजगार हमीसारखा उत्पादक सुरक्षा-जाळ्याचा कार्यक्रम आहे. बाई गरोदर म्हणून तपासणीला आली की तिला खोदकामातून काढून तात्पुरत्या थेट मदतीत टाकतात: काम नाही, मोबदला चालू, बाळ वर्षाचं होईपर्यंत. पैसा वेगळा आणायचा नाही, त्याच यादीत रकाना बदलायचा. रोजगार हमी जिथे जन्मली त्या महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला, १९७७ मध्ये कायदा केला. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात मात्र बाळंतपणाच्या रजेची मजुरी आलीच नाही.

आता आकडा लावा. २०२५-२६ ची आपल्याकडची रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये. मातृवंदनाचे ५,००० म्हणजे १६ दिवस. ऑफिसातल्या बाईला कायद्याने २६ आठवडे पगारी रजा. आठवड्याला सहा दिवस धरून तेवढीच सुट्टी मजुरीने मोजली तर ४८,६७२ रुपये. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्या असा प्रचार करायचा आणि आईला सोळा दिवसांनी कापूस वेचायला पाठवायचं, हे गणित जुळत नाही. नवजाताच्या पोषणाचा खर्च म्हणजे आईच्या बुडीत दिवसांचा खर्च.

हिशेबनीस

दुष्काळ७२, २३ डॉलरचा आकडा सभेत टाळ्या घेतो, पण तो परतावा वीस वर्षांनी देशाला मिळतो, ग्रामपंचायतीला नाही. सरपंचाला पुढच्या मार्चपर्यंतचं बोलायचं असतं. इथिओपियाचा मुद्दा मात्र बरोबर. आणि तमिळनाडूही जोडा: मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत २०१८ पासून १८,०००, त्यातले ४,००० पोषण किटच्या रूपात. राज्याने मनावर घेतलं तर केंद्राच्या ५,००० वर थांबायची गरज नसते. अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० लिहिलेत २०१३ ला. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना आजही त्याच्या खाली आहे, उरलेलं जननी सुरक्षेत धरा म्हणतात. महागाईची जोडणी दोन्हीकडे नाही.

लालगोळी

सगळे आहारावर बोलताय, गोळ्यांवर कुणीच नाही. राज्यात गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५. गोळ्या फुकट आहेत: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, गरोदरपणात १८०, बाळंतपणानंतर पुन्हा १८०. गावाने गोळ्यांवर एक रुपया घालू नये. गोळ्या पोटात का जात नाहीत त्यावर घालावा.

का जात नाहीत? पहिल्या आठवड्यात मळमळ, काळी शी, बद्धकोष्ठ. कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून "गोळी बाधली". उपाशीपोटी घेतली की जास्त मळमळतं, रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी बरोबर घेतली तर लोह शोषलं जात नाही, दोघींत दोन तासांचं अंतर. चहा तासभर आधी-नंतर नाही, आणि आपल्याकडे अडचण नेमकी इथेच. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी, ४०० मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या आणि महिन्याने पुन्हा तपासणी. ७ च्या खाली गेलं तर गोळीची वाट बघायची नाही, शिरेतून लोह किंवा रक्त, ग्रामीण रुग्णालय गाठायचं. तिथे जायला गाडीचे पैसे नसतात, आणि गावाचा पैसा कामी येतो तो इथे.

पूर्णाकाठ

लालगोळी, त्या पंधरा घटकांच्या गोळीबद्दल ऐकतो. ती घ्यावी का गावाने?

लालगोळी

बहुसूक्ष्मपोषक गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०२१ ला आली. पंधरा जीवनसत्त्वं-खनिजं, लोह ३० मिलिग्रॅम. आफ्रिका-आशियातल्या गरीब देशांत युनिसेफच्या बाल पोषण निधीतून सरकारने एक डॉलर घातला की जोडीला एक डॉलर, अशी ती पुरवली जाते. पण गावाने परस्पर घेऊ नये. उपकेंद्रातून लोहाची गोळी मिळतेच, दोन्ही सुरू झाल्या की बाई गोंधळते आणि दोन्ही सोडते. आणि रक्तक्षय झालेल्या बाईला ३० मिलिग्रॅमने भागत नाही.

टवाळ_पाटील

गूळ खाल्ला की रक्त वाढतं असं आजी म्हणायची. ती चूक की गोळी चूक?

आजीचा_बटवा

आजी अळीव, खारीक आणि बाजरीची भाकरी पण द्यायची, गूळ त्यांना धरून आला. एकट्या गुळातलं लोह पुरेसं नाही. अळीव खरंच लोहाने भरलेला, पण वर लिंबू पिळा. आणि आजी बाळंतिणीला पाणी तोडायची, ते मात्र सोडा. दूध पाजणारीला तहान लागते म्हणून ती पिते, पाणी प्यायल्याने बाळाला सर्दी होत नाही.

भाकरतुकडा

आता पुन्हा ४०,००० कडे. सगळ्या ३६ जणींना १,१११ रुपयांची वस्तू देणं सोपं, ग्रामसभेत कुणी भांडत नाही. पण पैसा इतका पातळ होतो की कुणाचंच वजन हलत नाही. मी जोखमीच्या बारा निवडेन: हिमोग्लोबिन १० च्या खाली, नोंदणीवेळी वजन ४५ किलोच्या आत, चौथ्या महिन्यानंतर महिन्याला किलोभरही वाढ नाही, वय १९ च्या आत, दोन बाळंतपणांत दोन वर्षांपेक्षा कमी अंतर, आणि फडावर जाणाऱ्या. यातलं काहीही कार्डावर असतंच, नवा सर्व्हे नको.

त्यांना १८० दिवस रोज एक ७० ग्रॅमचा लाडू: ३० ग्रॅम शेंगदाणे, २० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, २० ग्रॅम गूळ. सव्वातीनशे उष्मांक, ११ ग्रॅम प्रथिनं, माल ६.९० चा, बचत गटाची मजुरी आणि गॅस धरून १० रुपये. अंडं खाणाऱ्या घरात एक अंडं आणि अर्ध्याहून लहान लाडू, ११ रुपये. माळकरी घरात अंड्याचा आग्रह नको, लाडू मोठा. सरसकट ११ धरा: १२ × १८० × ११ = २३,७६०.

मग गाडीभाडं, त्याच बाराजणींना तीन फेऱ्या, १५० प्रमाणे ५,४००. आणि कमी वजनाची बाळं: पाचात एक धरलं तर ३६ पैकी सात. अडीच किलोच्या आतलं बाळ दर दोन तासांनी पाजायचं, दिवसाचा बराच वेळ छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं, तर त्या आईने चूल पेटवायची कधी? तिला ४२ दिवस दुपारचा डबा, ३० रुपयांप्रमाणे ७ × ४२ × ३० = ८,८२०. आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातेच, वजनाची नोंद तिच्याकडून. झाले ३७,९८०. उरलेल्या २,०२० मध्ये बाळटोप्या, बांधायची फडकी आणि वही. वजनकाटा घेऊ नका, अंगणवाडीला आहे. फक्त पाच किलोचं माप ठेवून खरा बोलतो का ते बघा.

बिदर_नाका

डबा पटला. लाडू पुन्हा घरात वाटला जाणार.

भाकरतुकडा

आठवड्याचे सात एकदम द्यायचे नाहीत. सोमवार-गुरुवार वाटप, आणि चौथ्या महिन्यानंतर दर महिन्याला वजन. दोन महिने वजन हललं नाही तर लाडू कुणाच्या तोंडात जातो ते सासूला विचारायचं. शेंगदाण्याची काळजी जास्त घ्या: पावसाळ्यात माल घेतला आणि ओल राहिली की बुरशी, आणि त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. सुरकुतलेला, काळसर, कडू दाणा हाताने वेचून काढावा लागतो. गटाला मजुरी देतोय ती या वेचणीची.

हिशेबनीस

लेखापरीक्षणाच्या दोन गोष्टी. एकाच बाईला एकाच दिवशी अंगणवाडीचा आहार आणि तोच आहार पंचायतीच्या खात्यातून दाखवला तर आक्षेप येतो, म्हणून ठरावात "पूरक आहाराव्यतिरिक्त जोखमीच्या मातांसाठी" असं लिहा. आणि ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या संयुक्त खात्यात वर्षाला १०,००० पर्यंत मुक्त निधी येतो. गाडीभाडं त्यातून गेलं तर पंचायतीचे ५,४०० वाचतात. मातृवंदनाचा हप्ता लांबला तर बचत गटांच्या ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे, 'उमेद' अभियानवाल्यांना विचारा. पंचायतीला उसने देता येत नाहीत, ग्रामसंघाला येतात.

ऊसफड

ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घेऊ नका, टोळ्या निघायच्या तयारीत असतात. १५ ऑगस्टला घ्या. आणि फडावर जाणाऱ्यांना लाडवाऐवजी तेवढेच फुटाणे-गूळ-शेंगा, महिन्याच्या मापाने.

भाकरतुकडा

ठरावात आणखी एक. रुपये लिहू नका, ग्रॅम लिहा: "प्रतिदिन ७० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅमहून कमी नाही". रुपये लिहिले की शेंगदाणा महागला त्या महिन्यात लाडू पन्नास ग्रॅमचा होतो.

टवाळ_पाटील

ग्रामसेवक म्हणणार, ग्रॅमचं बिल कसं काढू?

हिशेबनीस

गटाकडून किलोच्या दराने दरपत्रक घ्या, तीन घ्या. १२ जणी, १८० दिवस, ७० ग्रॅम: १५१ किलो २०० ग्रॅम. बिल त्यावर.